आतली कडी

करमाडजवळ,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सारजावन्सं,
शि. सा. न. वि. वि.

व्हय, लिफ्ट हाये. पण ती चालती का, हे तुम्ही इचारलंच नाय. पहिले चालत व्हती. मग आमच्या जुन्या वस्तीतल्या कडुबानं तिच्यात शेळी घातली. शेळी म्हातारी हाये म्हणे, तिसऱ्या मजल्यापर्यंत पायऱ्या चढवत नाय. दार लागलं, दिवा गेला आन् शेळीनं आत असं थैमान घातलं की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधीच बसली. आत कडुबा ओरडतोय, शेळी ओरडतीये, बाहेर कुणाला कळंना कोणता आवाज कुणाचा. माणूस बोलावला, दोघांना काढलं. शेळी खुशाल हाये. लिफ्ट अजून उठली नाय.

तर मी पायऱ्यांनी जाते. तुमच्यासारखी नाय मी, दोन पायऱ्या चढल्या की देवाचं नाव घेणारी.

फोन कामून करत नाय, असंही तुम्ही लिहिलंय. वन्सं, तुम्हाला ऐकू येत नाय. मागल्या टायमाला तुमच्या काय-काय मधीच माझी बॅटरी संपली. पत्र बरं. पत्रात तुम्ही मधी बोलत नाय.

आता तुमचा खरा सवाल. एका घरातल्या माय-लेकाला दोन गावांच्या दोन टोकाला खोल्या कशा मिळाल्या? सांगते, पण दाजींना सांगू नका, ते गावभर करतील.

नाल्याकाठची आपली वस्ती सरकारी जागेवर. तिथनं रस्ता काढायचा ठरला, आन् बदल्यात प्रत्येक कुटुंबाला पक्की खोली द्यायचं ठरलं. चांगलंच ठरलं, मी नाव ठेवत नाय. पण कुटुंब कशाला म्हणायचं? तर एक चूल, एक कुटुंब. राम, मोनाली, संस्कृती आन् मी, चौघं एका चुलीवर, म्हणजे चौघांत खोली एक. चुली दोन तर खोल्या दोन. हे कळलं आन् मोजणीच्या आधी आख्ख्या वस्तीत भांडणं लागली. जन्मभर गोडीनं राह्यलेले भाऊ येगळे निघाले. सासवा रुसल्या. आमचं भांडण मीच बसवलं. मोनालीला पढवून ठेवलं, मी म्हणणार आमटीत मीठ नाय, तू म्हणायचं तुमच्या जिभेला चव नाय. ती बिचारी मधीच हसली, तोंडावर पदर ओढला, लोकांला वाटलं सून रडती. मी उलथणं फेकलं. ठरलं व्हतं त्याच्यापेक्षा चार शब्द जास्तीच बोलले, रंगात आले म्हणा. मग दाराबाहेर तीन दगडं मांडले आन् माझी येगळी चूल पेटवली. मोजणीवाला आला तवा वस्तीत एवढा धूर व्हता की त्याचे डोळे गळत व्हते. मला वाटलं, लोकांची घरं मोडलेली पाहून रडतोय, म्हणून मी त्याला पाणी दिलं.

खोल्या दोन मिळाल्या. रामला वाटलं, शेजारी-शेजारी मिळतील, मधलं दार उघडं ठेवू, झालं. पण चिठ्ठ्या काढल्या. रामची चिठ्ठी निघाली शहरातल्या इमारतीत. औरंगपुऱ्याच्या कापड दुकानात तो गठ्ठे वाहतो, तिथं चालत जाता येतं. मोनालीची धुण्या-भांड्याची घरंही जवळ. माझी निघाली इथं, करमाडच्या अलीकडं, माळावर. चिठ्ठी वाचली तवा राम रडला, मोनाली रडली. मी पण पदर तोंडाला लावला. आपण खोटं खोटं घर मोडलं, सरकारनं खरं खरं मोडून दिलं.

खोलीत राह्यलं नाय तर खोली परत जाती, असा नियम हाये. म्हणून मी इथं. नळ घरात हाये. एवढं पाणी घरात पाहून पहिले दोन दिवस मी कारण नसताना भांडे घासले.

दाजींच्या गुडघ्याला तेल लावा. तोंडाला लावू नका, ते आधीच चालतंय. लोभ हाये तेवढाच राहू द्या, वाढवू नका, खोली लहान हाये.

तुमची भावजय,
पुतळा


कन्नडजवळ,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. गं. भा. पुतळास सारजाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. ह्यांनी इचारलं काय झालं. शेळी म्हणले आन् पुढं बोलवंना. ह्यांना वाटलं आपली कोणती शेळी मेली, ते वाड्यात मोजायला पळाले.

तू सगळं हसण्यावारी नेतीस, पुतळे. पण मी भिकनची थोरली बहीण हाये, मला पत्राच्या पाठीमागचं दिसतं. पोराला दुसरी खोली मिळावी म्हणून तू भर वस्तीत वाईट सासू म्हणवून घेतलंस. आता त्या पापाचं फळ तुलाच. पोरगा शहरात, तू माळावर. माझा भाऊ असता तर त्यानं सहन केलं असतं का? लोकर कातरायला बाया आल्या व्हत्या, त्यांना मी हे सगळं सांगितलं. सगळ्यांचे हात थांबले. एक म्हणली, अशी आई लाखात एक.

विश्वजीत सुट्टीला आला व्हता. माझा हा नातू आता शहरात कॉलेजात देशाच्या पैशाचं शिकतोय. तो म्हणतो, गरिबाला पक्कं घर मिळालं की निम्मी गरिबी जाती. पोरं शिकतात, दवाखाना कमी लागतो. आन् घरं बांधली की गवंडी, सुतार, सिमेंटवाला, सगळ्यांच्या हाताला काम, म्हणजे देश पुढं जातो. मी म्हणलं, देश पुढं जाऊ दे रे बाबा, माझी भावजय मागं राह्यली माळावर, तिचं बघ.

रात्रीअपरात्री दुखलं-खुपलं तर तांब्याभर पाणी कोण देतं तुला? कळपातली एक मेंढी मागं राह्यली तर आपण दिवस बुडाला तरी हुडकत जातो. तू तर माणूस हायेस. मी रामला सोडणार नाय, त्याला पत्र धाडलंय.

मोनालीनं खरंच तू सांगितलं म्हणूनच भांडण केलं ना? का तिच्या मनातलंच व्हतं? खरं लिही.

जेवत जा वेळेवर. माझा जीव तुझ्यात हाये, तेवढा सांभाळ.

तुझी नणंद,
सारजा


करमाडजवळ,
१५ डिसेंबर २०२४

ती. सौ. सारजावन्सं,
शि. सा. न. वि. वि.

आधी एक सांगते. पाकिटावर गं. भा. लिहू नका. पोस्टमन नवा पोरगा हाये. त्यानं इचारलं, आजी, तुम्ही पहिलवान हायेत का, हा कोणता किताब हाये. मी व्हय म्हणले. आता तो पत्र देताना दोन पावलं लांब उभा राह्यतो.

मोनालीच्या मनात काय नव्हतं. ती पोर साधी हाये. तिला नाव ठेवू नका, मी तुमच्याशी बोलणार नाय. म्हणजे लिहिणार नाय.

विश्वजीतचं म्हणणं खोटं नाय. ही खोली बरी हाये. नाल्याकाठी थंडीत पत्र्यातनं वारं यायचं, माझा खोकला होळीपर्यंत जायचा नाय. औंदा खोकला आलाच नाय. तर पक्कं घर म्हणजे चैन नाय, औषध हाये, हे मी मान्य करते. पण त्याला पुढचं पण सांगा, ते त्याच्या पुस्तकात हाये का बघू दे. चेष्टा नाय, मला खरंच इचारायचंय.

आमच्या मजल्यावर माझं आन् कडुबाचं दार उघडं, बाकी सगळीकडं कुलपं. माणसं कुठं गेली? परत गेली. सोमनाथचंच बघा. औरंगपुऱ्यात हातगाडीवर फळं विकतो. पहाटं मंडीतनं माल उचलावा लागतो. इथली पहिली बस पोचंपर्यंत मंडी झाडून झालेली असती. त्याच्या बायकोची कामाची घरं तिकडंच. दोघांची रोजी तिकडं, खोली इकडं. शेवटी कुलूप लावलं आन् जिथनं उठवलं त्याच्याच पलीकडं नाल्याकाठी प्लास्टिकचा कागद टाकून राह्यले. पक्क्या घराचा मालक कागदाखाली झोपतो.

आन् इकडची गंमत आयका. वाचा म्हणजे. शेंद्र्याच्या कंपन्या इथून जवळ. तिथं कामाला पोरं-पोरी लांबनं येतात, बीडहून, परभणीहून. त्यांना करमाडात खोली मिळत नाय. मिळाली तर एकीत एवढे जण की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची. एक सुपरवायझर माझ्याकडं भाकरी न्यायला येतो. तो सांगत व्हता, नवीन मशिनी आल्यात, पण पोरं टिकत नायत. राह्यला जागा नाय म्हणून गावाकडं पळतात, मशिनी झाकून ठेवल्यात. मी म्हणलं, बाबा, आमच्याकडं रिकाम्या खोल्या हायेत. तर म्हणला, त्या भाड्यानं द्यायला बंदी हाये, आजी. म्हणजे बघा. जिथं काम हाये तिथल्या घरांत कुलपं राह्यतात, आन् घरवाले जिथं त्यांचं काम हाये तिथं नाल्यात राह्यतात. आपण मेंढरं सुद्धा चारा बघून बसवतो.

भाकरीचं सांगायचं राह्यलं. कडुबाची भाकर एकदा थापून दिली, ती वॉचमननं पाहिली, वॉचमनकडनं कंपनीच्या पोरांना कळलं. आता रोज तवा तापलेलाच असतो. गॅसवर भाकर फुगती, पण रुसल्यासारखी. म्हणून मी तीन दगडं गच्चीवर नेले. वॉचमन धूर पाहून पळत आला, नियम सांगाय लागला. गरम भाकर आन् ठेचा हातात दिला. नियम अर्धा सांगून झाला व्हता, तेवढ्यावरच थांबला.

बाकी खोलीचं एक काम करून घेतलं. दाराला बाहेरून कडी व्हती, आतनं नुसता खटका, तोही बसत नव्हता. कडुबाकडनं आतली कडी बसवून घेतली. चांगली जाड.

राम संस्कृतीला घेऊन आला व्हता. संस्कृती म्हणती, वर्गातल्या सगळ्या पोरी सुट्टीत आजीच्या घरी जातात, मलाच आजीचं घर नव्हतं, कामून की आजी घरातच व्हती. आता तिलाही हाये. रामचं मात्र तोंड उतरलेलं. तुमचं पत्र त्याला पोचलंय, तेवढं कळलं. जाताना पायरीवर उभा राहून म्हणला, आई, तुला एकटीला टाकलं मी. मी म्हणलं, बस चुकंल.

माया करता तशी करत राहा, पण रामला पत्र लिहिताना शाई जपून वापरा.

तुमची,
पुतळा पहिलवान


कन्नडजवळ,
८ जानेवारी २०२५

चि. पुतळास (किताब काढला, खूश?) अनेक आशीर्वाद.

विश्वजीतला तुझं पत्र वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणला, मामी-आजी बरोबर म्हणती, घर कुठं हाये त्याच्यावर सगळं हाये, नुसत्या भिंती मोजून चालत नाय. तुझं पत्र तो मास्तरला दाखवणार व्हता. मी पहिलवानाचा भाग सोडून बाकी उतरून घेऊ दिला.

आता कामाचं. राम परवा आला व्हता. लहानपणी काट्यात पडला व्हता तवा रडला तसा रडला माझ्यापुढं. सगळं ठरलंय. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी फकिराचा टेम्पो घेऊन राम येणार, तुझं सामान भरणार, तुला शहरातल्या खोलीत नेणार. हे सुद्धा येणार हायेत, गुडघा घेऊन. मोनालीनं खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी मोकळी केलीये. तुझ्या खोलीला कुलूप लावून ठेवू. चौघं दाटीनं राहा. घर मनात मावतं.

अजून एक. नानासाहेबांना तुझी हकीकत कळली. पहिल्यासारखे सरपंच नायत आता, पण सत्काराची हौस तशीच हाये. शाळेच्या कार्यक्रमात आदर्श माता म्हणून तुला नारळ आन् लुगडं द्यायचं म्हणतात. पोरासाठी स्वतःचं घर मोडणारी बाई, असं ते भाषणात बोलणार हायेत. मी व्हय म्हणून टाकलं. मला लई अभिमान वाटला, पुतळे. लुगडं हिरवं सांगू का जांभळं?

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते. गोड बोल. तुला अवघड जाईल.

तुझी,
सारजा


करमाडजवळ,
२२ जानेवारी २०२५

ती. सौ. सारजावन्सं,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. वाटेत त्याचा चुरा झाला व्हता, पण तुमचाच हाये म्हणून खाल्ला.

अभिनंदन. तुम्हाला दोन नाती झाल्यात. एकीचं नाव सुकेशनी, दुसरीचं दिपाली. नावं पाठ करून ठेवा, सरकार इचारंल.

झालं असं. ह्या दोघी कंपनीत कामाला. करमाडात एका खोलीत लई जणींत राह्यत व्हत्या. आधी भाकरीला यायच्या. मग म्हणल्या, आजी, पिशव्या ठेवू का, तिकडं चोरी होती. पिशव्या ठेवल्या. मग एक दिवस पिशव्यांबरोबर त्याही राह्यल्या. भाडं मी घेत नाय. त्या पीठ आणतात, खालनं सामान वर आणतात, आन् मला फोनमधी काय-काय दाबायला शिकवतात. सुकेशनी परीक्षेचा अभ्यास करती. दिपाली झोपेत बोलती. मला सोबत हाये, तुमची तांब्याभर पाण्याची काळजी मिटली.

मागल्या आठवड्यात तपासणी आली. दोन माणसं आन् एक बाई. जिथं कुलूप तिथं दारावर नोटीस चिकटवली. खोली वापरत नाय, म्हणून परत का घेऊ नये, असं. सोमनाथच्या दारावर पण चिकटली. तो बिचारा नाल्याकाठनं कधी येऊन वाचणार?

माझं दार उघडं. बाईनं आत पाह्यलं, दोन पोरी, दोन पिशव्या. तिनं इचारलं, भाडेकरू ठेवल्यात का. मी म्हणलं, बाई, माझ्या नंदेच्या नाती हायेत. तिनं नावं इचारली. दोघींची आडनावं येगळी, गावं येगळी. बाईनं मान वर केली. मी म्हणलं, नंदेला पोरी दोन, दोन गावी दिलेल्या. तुम्हाला पोरगी एकच हाये, मला ठाऊक हाये, पण वेळ तशी व्हती. दुसरी बिना बाळंतपणाची झाली, माझे उपकार माना. मग बाईनं नंदेचं नाव-गाव लिहून घेतलं. फोन आला तर घाबरू नका. तुम्हाला तसंही ऐकू येणार नाय. जन्मात पहिल्यांदा तुमच्या कानाचा मला उपयोग झाला.

जाताना बाई हळूच म्हणली, मावशी, अशा नाती सगळ्यांना असत्या तर ह्या इमारतीत दिवे तरी लागले असते. बाई वाईट नव्हती. तिच्या हातात नुसत्या नोटिसाच दिल्यात, ती काय करणार?

घर मिळायला एकदा घर मोडलं, आता राखायला घर जोडलं.

तर वन्सं, टेम्पोचं थांबवा. तुम्ही म्हणता खोलीला कुलूप लावू. कुलूप लावलं की नोटीस चिकटती आन् खोली जाती. एवढ्या मेहनतीनं भांडण केलेलं वाया जाईल. पोरी पण उघड्यावर पडतील. मी इथं राह्यलेली बरी. सगळ्यांच्या भल्याचं हाये.

लुगड्याचं नंतर बघू. नानासाहेबांना म्हणा, घसा जपा, आताच भाषण काढू नका.

माया असू द्या, नातींवर पण.

तुमची,
पुतळा


कन्नडजवळ,
३० जानेवारी २०२५

चि. पुतळास अनेक आशीर्वाद.

फोन आला व्हता गं! ह्यांनी घेतला. एका बाईनं इचारलं, सारजाबाईंना नाती किती. ह्यांना काय ठाऊक नाय, पण तुझं नाव आयकलं आन् म्हणले, लई हायेत, मोजल्या नायत. हे जन्मात एकदा कामाचं बोलले.

दोघींसाठी घोंगड्या धाडते, आमच्याच लोकरीच्या. माळावर थंडी असती. नाती म्हणून सांगितल्यास, मग रिकाम्या हाती कशा ठेवू? सुकेशनीला म्हणावं अभ्यास कर. दुसरीच्या उशाला लोखंड ठेव, झोपेत बोलणं जातं.

पण तू मला फसवू नकोस. टेम्पो थांबणार नाय. मी रामला तुझं म्हणणं सांगितलं, नोटीस, खोली, सगळं. त्यानं काय उत्तर दिलं माहिती हाये? म्हणला, खोली गेली तर जाऊ दे आत्या, मला आई पाहिजे, खोली नको. माझ्या डोळ्याला पाणी आलं. एवढा त्याग केलास त्याचं चीज झालं, पुतळे. असा पोरगा भाग्यानं मिळतो. त्या पोरींची सोय विश्वजीत बघतो म्हणला, त्याच्या ओळखीत एक वसतिगृह हाये.

तर आता तुला अडवायला काय राह्यलं नाय. येत्या नऊ तारखेला सकाळी टेम्पो खाली उभा राह्यलेला दिसंल. मी पण येतीये. माझ्या हातानं तुला घेऊन जाणार. सामान बांधून ठेव. लुगडं जांभळं घेतलं.

तुझीच,
सारजा


करमाडजवळ,
४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. सारजावन्सं,
शि. सा. न. वि. वि.

घोंगड्या पोचल्या. दिपालीनं पांघरली आन् त्या रात्री झोपेत बोलली नाय, नुसती घोरली. लोखंडाची गरज पडली नाय. सुकेशनी म्हणली, नात्यातल्या खऱ्या आजीनं पण मला कधी घोंगडी दिली नाय. तुम्हाला पत्र लिहिणार हाये. उत्तर द्या.

टेम्पोचं मात्र जमणार नाय. रविवारी कडुबाला ताप येणार हाये असं वाटतंय, त्याच्या शेळीचं बघावं लागंल. लिफ्ट बंद हाये, सामान तिसऱ्या मजल्यावरनं उतरवताना फकिराची कंबर जाईल, मग त्याची बायको मला बोल लावंल. कंपनीतनं नवीन पोरांच्या भाकरीची मागणी आलीये. सुपरवायझर म्हणतो, तुमच्या भाकरीमुळं दोन पोरं पळायची थांबलीत, एक मशीन उघडलं. आता मी गेले तर देशाची वाढ थांबती, विश्वजीतला इचारा. दाजींच्या गुडघ्याला एवढ्या पायऱ्या सोसणार नायत. तुमचं तर इचारूच नका, पहिल्या मजल्यावरच तुमचं भजन सुरू व्हईल. आन् संस्कृतीला मे महिन्यात आजीच्या घरी यायचंय, तिनं मैत्रिणींना सांगून टाकलंय.

रामला राग येऊ देऊ नका. मोनालीला म्हणा, खिडकीजवळ संस्कृतीला अभ्यासाला बसव, तिथं उजेड चांगला येत असंल.

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना मुके, दाजींना गप बसायला सांगा. तुमची माया मला पुरून उरती, उरलेली परत पाठवत नाय.

तुमची,
पुतळा

ता. क. पाकीट चिकटवलं व्हतं, ते परत फोडलं. वर लिहिलंय ते सगळं खरं हाये, कडुबाचा ताप सोडून. पण कारण ते नाय.

वन्सं, तुम्ही आन् मी दोघी मेंढरामागं वाढलो. तळ उठला की घर उठलं. शाळा पण जिथं कळप बसंल तिथली, म्हणून मी चौथीच्या पुढं गेले नाय. दार कसं असतं, हे मला लग्नात कळलं. तवर तुमच्या आईनं घर बांधलं व्हतं, त्याला दार व्हतं, पण ते बंद करायचा हक्क सुनांना नव्हता. मग नाल्याकाठी पत्रा, आन् पोरगा मोठा झाला, सून आली, तवा मधी माझ्याच जुन्या लुगड्याचा पडदा. भिकन खोकला तरी गल्लीला कळायचं. मला रडायचं झालं तर मी सरकारी नळावर जायची, तिथं तोंड ओलं दिसलं तर कुणी इचारत नाय. भिकन गेला तवा पण तिथंच गेले.

राम चांगला हाये. मोनाली तर माझ्यापेक्षा चांगली. मला त्यांच्याकडं काय कमी नव्हतं.

सकाळी पोरी कामाला गेल्या की भाकरी थापायच्या आधी मी आतली कडी लावते आन् भिंतीला टेकून बसते. काय करत नाय. नुसती बसते. कुणी वाजवलं तर उघडायचं का नाय, ते मी ठरवते. एवढंच हाये. पण हे मला साठ वर्षं कुणी दिलं नव्हतं, आन् दुसऱ्या चुलीची गोष्ट निघंपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं की मला ते पाहिजे.

जांभळं लुगडं मोनालीला द्या. नारळ नानासाहेबांनी खावा. टेम्पो पाठवू नका. रामला हे तुम्ही सांगा, माझं धाडस होत नाय. पण त्याला भेटायला येऊ द्या. एक नाय, दहा वेळा येऊ द्या, तो वाजवंल तवा मी दार उघडीन.

मी त्याग केला नाय, वन्सं. ती दुसरी चूल मी रामसाठी मांडली नव्हती, माझ्यासाठी मांडली व्हती. चिठ्ठी इथली निघाली तवा सगळे रडले. मी पदराआड हसत व्हते.